हिरण्यकेशीच्या काठाकाठाने: आंबोली ते रामतीर्थ, सगळ्या घरादारासकट

आंबोली म्हणलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर घाटातला तो एकच मोठा धबधबा येतो, पायऱ्या, गर्दी, गरम कणसं, भजी आणि गाड्यांची लांबच लांब रांग. त्यात मजा नाही असं नाही, पण यावेळी आम्हाला तसं जायचंच नव्हतं. आमच्या सासूबाईंचं (मी आईच म्हणते त्यांना) माहेर गडहिंग्लजचं, म्हणजे हिरण्यकेशीच्या काठचं. धुणं नदीवर, पोहायला शिकल्या नदीत, गौरी-गणपती बोळवले नदीतच, आणि ती नदी येते कुठून ते त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. उगम तिथून गाडीने फार लांबही नाही. पण आधी शेती, मग नोकरी, मग पोरांच्या शाळा, राहूनच गेलं. म्हणून यंदा ठरवलं की पॉइंट बघत फिरायचं नाही, नदी धरायची. उगमापासून सुरुवात करायची आणि पायाने जमेल तिथे पायाने, नाही तिथे गाडीने, तिच्याबरोबर खाली यायचं.

आम्ही म्हणजे मी, नवरा, आई, सातवीतली लेक, दुसरीतला धाकटा आणि पोरांची आत्या. आत्या कॉलेजला बॉटनी शिकवते त्यामुळे तिच्यासोबत चाललं की एक किलोमीटरला एक तास लागतो, आणि तो तास मला मनापासून आवडतो.

श्रावणाचा शेवट मुद्दाम निवडला. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुने लोक अजून तीनशे इंच म्हणतात. जून-जुलैत तिथे पाऊस आणि धुकं याशिवाय काही दिसत नाही, पोरांना घेऊन जंगलात शिरणं तर नकोच. श्रावण उतरायला लागला की पाऊस मधेमधे श्वास घेतो, धबधब्यांना पाणी भरपूर असतं आणि सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, फुलं यायला लागतात. शिवाय गुरुवारी निघालो, म्हणजे शनिवारची गर्दी वर चढेपर्यंत आम्ही खाली उतरलेले असणार हा हिशोब.

गुरुवार

दुपारी जेवूनच कोल्हापुरातून निघालो. निपाणी, उत्तूर, आजरा असा रस्ता. उत्तूरपर्यंत दोन्हीकडे ऊसच ऊस, आजरा जवळ आलं की ऊस कमी होत जातो आणि भाताची खाचरं सुरू होतात, मग काजूच्या बागा, मग हळूहळू नुसतं रान. आजऱ्याजवळ पुलावरून नदी दिसली तर आईंनी गाडी थांबवायला लावली. पाणी दुथडी नव्हतं पण जोरात होतं, मातकट. आई म्हणाल्या "आमच्याकडं आली की ही शांत होती, हितं बघ की कशी पळतीया."

गवसे सोडलं आणि धुकं लागलं. लाईट लावून हळूहळू वर. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, थंड हवेचं ठिकाण म्हणून कागदोपत्री महाबळेश्वर-माथेरानच्या यादीत असतं पण गाव अजून गावच आहे, कौलारू घरं, पुढे अंगण, परसात फणस. आम्ही गावातल्याच एका घरी उतरलो होतो. काकूंनी जेवायला तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी केली होती. श्रावण असल्यामुळे मासे नव्हते आणि कुणाला आठवणही झाली नाही, त्या सांबाऱ्यातल्या भाजलेल्या खोबऱ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

जेवण झाल्यावर काकूंचे दीर, सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून आम्हीपण मामाच, टॉर्च घेऊन आले. "बेडूक बगूक येतास?" धाकटा चप्पल घालून तयार. गावाबाहेर एका पाणथळ जागी गेलो, लांब नाही, आणि तिथे जो आवाज चालू होता तो आवाज नव्हताच, भिंत होती. मामांनी एका फांदीवर टॉर्च मारला. पाण्यावर झुकलेल्या पानाला पांढरा फेस चिकटलेला, धाकटा म्हणाला कुणीतरी दाढीचा साबण लावलाय. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना पायाने घुसळून फेस करते, अंडी त्यात ओली राहतात, आणि पिल्लं तयार झाली की फेस विरघळून ती थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून पान बरोबर पाण्याच्या डोक्यावरचं निवडलेलं असतं. जरा वर दुसऱ्या फांदीवर बेडूकपण होता, हिरवागार, बोटांमधला पडदा लालसर नारिंगी. तो पडदा पसरून हा या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. आम्ही गेलो तेव्हा तो ढिम्म बसून होता आणि पोरांना तेवढंही पुरलं.

परत येताना मामांनी रस्त्यात गाड्यांबद्दल जे सांगितलं ते लिहितेच. आंबोलीत एक छोटासा टोड (बेडकाचाच एक प्रकार) आहे, जगात फक्त या भागात सापडतो, २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि आज तो अतिधोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. पहिल्या पावसात जांभ्याच्या कातळावर जी उथळ डबकी साचतात त्यात तो अंडी घालतो, सगळे एकदम, थोडेच दिवस. त्याच दिवसात पहिला पाऊस एंजॉय करायला आलेल्या गाड्या कातळावर चढवल्या जातात. डबकं दोन बोटं खोल, त्यात एका टायरने काय होत असेल ते कळतं. जूनमध्ये जाणार असाल तर गाडी रस्त्यावरच ठेवा, एवढंच मामांचं म्हणणं होतं आणि माझंही तेच.

शुक्रवार

खरा चालण्याचा दिवस हा. साडेसहाला चहा-बिस्किटं खाऊन निघालो. मामांनी सगळ्यांच्या मोज्यांना तंबाखू-मिठाचं पाणी लावलं, जळवांसाठी. छत्र्या घरीच ठेवायला लावल्या, जंगलात एक हात मोकळा पाहिजे आणि वाऱ्यात छत्री काही कामाची नाही. आईंना एक बांबूची काठी कापून दिली, ती त्यांच्या उंचीला मापून.

हिरण्यकेशीचं मंदिर मुख्य रस्त्यापासून आत आहे. गाडी लावून पुढची वाट पायी, आणि वाटेच्या कडेने नदीच सोबत असते, नदी म्हणजे इथे फक्त ओढा, उडी मारून जाता येईल एवढा. पाणी इतकं नितळ की तळातली गोटी न् गोटी दिसते. कालच आजऱ्याला मातकट पाणी बघितलेलं, त्यामुळे लेकीचा विश्वास बसेना की ही तीच नदी. दोन्हीकडून झाडं वर येऊन मिटलेली, खाली हिरवा उजेड. मंदिर छोटं आहे, महादेवाचं, आणि त्याच्या शेजारी कातळात गुहा. त्या काळ्या गुहेतून पाणी बाहेर येतं, कुंडात साठतं आणि कुंडातून निघून चालायला लागतं. बस. नदीची सुरुवात एवढीच.

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चप्पल काढून पायरीवर बसल्या, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, मग मनगटापर्यंत हात बुडवून तसाच ठेवला. पाणी गार होतं, मी हात घातला तर बोटं दुखायला लागली, त्यांनी मात्र हात काढला नाही. त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या पाण्यात जरा मोठ्या दिसत होत्या. त्यांनी घरून नदीची ओटी आणली होती, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मामा अदबीने म्हणाले "आये, पाण्यात सोडू नकात हां, देवळात ठेवा, आत मासो आसा." आईंनी लगेच मान डोलावली आणि ओटी मंदिरात देवीपुढे भरली. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, इतक्या वर्षांचा मनातला संकल्प होता पण एका शब्दात त्यांनी तो बदलला.

तो मासा म्हणजे शिस्टुरा हिरण्यकेशी. बोटाएवढाही नाही, सोनेरी रंगाचा, २०२० मध्ये याच पाण्यात नवी जात म्हणून त्याची नोंद झाली, शोधणाऱ्यांमध्ये तेजस ठाकरे होते. स्वच्छ, वाहतं, भरपूर ऑक्सिजनचं पाणी असेल तरच जगतो. सरकारी कागदांत त्याला देवाचा मासा म्हणलंय. २०२१ मध्ये मंदिर आणि आजूबाजूची २.११ हेक्टर जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. २.११ हेक्टर म्हणजे सव्वापाच एकर फक्त, आमच्या गावाकडे एका शेतकऱ्याचं रान तेवढं असतं. पोरं कुंडाच्या खालच्या बाजूला पालथी पडून बघत बसली होती. दगडाच्या सावलीतून काहीतरी पिवळसर सुळकन गेलं, तोच असेल असं धाकट्याचं ठाम मत आहे आणि आत्याने "असू शकतो" असं सांगितल्यामुळे तो दिवसभर हवेत होता.

एक सांगते, कुंडात साबण लावून अंघोळ करू नका. शाम्पूच्या पुड्या मी स्वतः दगडाच्या फटीतून काढल्या. देवाच्या दारात, नदीच्या तोंडाशी, जिथे एक अख्खी जात तेवढ्याच पाण्यात राहते.

तिथून पुढे मामांच्या पाठीमागे नदीच्या काठाने खाली. ही काही बोर्ड लावलेली वाट नाही, गुराख्यांची पायवाट आहे, माहितगार माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नये. पहिला तास सगळे नुसते वर बघत होते. अंजनी, हिरडा, जांभूळ, खाली कारवीचं दाट रान, आणि प्रत्येक खोडावर शेवाळ, शेवाळात फर्न, फर्नमध्ये ऑर्किड. आत्या म्हणाली इथल्या झाडांच्या अंगावरच दुसरं जंगल असतं. हवेत एवढं पाणी असतं की या वनस्पतींना मुळं जमिनीत न्यायची गरजच पडत नाही. कारवी सात वर्षांनी फुलते हे पोरांना माहिती होतं, पण फुलून बी पडलं की अख्खं रान एकदम मरतं आणि पुन्हा बीपासून सुरू होतं हे ऐकून लेक थांबलीच, "सगळंच्या सगळं?" हो, सगळंच.

जळवा लागल्या. सगळ्यांना. तंबाखूच्या पाण्यामुळे कमी लागल्या असतील पण लागल्या. मामांनी चिमटीत मीठ घेऊन टाकलं की पडतात, ओढून काढायची नाही, जखम वाहत राहते. आईंच्या घोट्यावर दोन होत्या, त्या शांतपणे बसल्या आणि म्हणाल्या "आमच्या भातात काय कमी असत्यात व्हय" आणि मीठ स्वतःच टाकलं.

मग तो साप. मामा पुढे होते, त्यांनी हात आडवा करून सगळ्यांना जागेवर उभं केलं. "हलू नकात. थय बगा, वेलार." गुडघ्याएवढ्या उंचीवर वेलीला वेटोळं घालून मलबार चापडा बसला होता. मी सहा-सात फुटांवर होते. तपकिरी-हिरवा, अंगावर शेवाळासारखेच डाग, त्रिकोणी डोकं वेटोळ्यावर टेकवलेलं आणि डोळ्यातली बाहुली उभी, बारीक चीर. तो हलला नाही, जीभ पण काढली नाही. विषारी आहे, पण हा माणसाच्या अंगावर येणारा साप नाही, रात्री शिकार करतो आणि दिवसा दिवसच्या दिवस एकाच फांदीवर बसून राहतो. मामा म्हणाले हा याच वेलीवर त्यांनी परवापण बघितला होता. म्हणजे आधाराला वेल धरायची सवय असेल ना, तर आंबोलीत ती सोडा, आधी बघा मग धरा. आम्ही बाजूने मोठा वळसा घेऊन गेलो आणि पुढची दहा मिनिटं सगळे एका रांगेत, शब्द न बोलता.

नदीला दोन्हीकडून झरे मिळत जातात तशी ती थोड्याच अंतरात मोठी होते. उगमाशी उडी मारून जाता येणारं पाणी एवढ्यातच गुडघ्याच्या वर आलं. एका ठिकाणी पलीकडे जायचं होतं. मामांनी आधी एकट्याने जाऊन काठीने तळ बघितला, परत आले, मग सगळ्यांना मनगटाला मनगट धरायला लावलं, बोटांना बोटं नाही, ओल्या हाताची बोटं सुटतात. "दगड बुळबुळीत आसत, पाय घासत येवा, उचलू नकात." आई मध्ये, एका बाजूला नवरा, एका बाजूला मी. पाण्याचा रेटा पोटरीवर जाणवत होता. पलीकडे गेल्यावर त्यांनी पोरांना जे शिकवलं ते प्रत्येक आईबापाने पोरांना शिकवावं: नितळ पाणी अचानक लाल-गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत यायला लागल्या, किंवा पाण्याचा आवाज बदलला, की काही विचार न करता काठावर चढायचं, सामान राहिलं तर राहूदे. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर कुठेतरी पडलेला असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ मी बघितला होता आणि नदीत उभी असताना मला तोच आठवत होता. त्या लोकांना पाणी वाढताना दिसत होतं, बाहेर यायला वेळ मिळाला नाही.

अकराच्या सुमारास एका छोट्या धबधब्याशी पोचलो. नाव काही नाही त्याला, दोन माणसांएवढा उंच असेल, नदी कातळाच्या पायरीवरून खाली येते आणि खाली कमरेएवढा डोह. मामांनी परवानगी दिली तेवढ्याच भागात पोरं उतरली, आत्या उतरली, नवरा उतरला, शेवटी मीपण. पाण्याचा मार खांद्यावर घेताना श्वास अडकतो, दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही आणि मग आपोआप ओरडायला होतं. आमच्याशिवाय माणूस नाही. घाटातल्या मोठ्या धबधब्याखाली उभं राहायला रांग लागते आणि इथे अख्खा डोह आमचा. उंचीने काय होतंय?

जेवण तिथेच, कातळावर. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि काकूंनी बांधून दिलेले घावणे. खाताना वरच्या झाडीतून शीळ आली. माणसाने रमतगमत घालावी तशी, सूर लांबवत, मधेच भलतीकडे वळणारी. धाकटा उठून कोण येतंय बघायला लागला. मलबारी कस्तूर. काळा-निळा पक्षी, वाहत्या पाण्याजवळच राहतो. तो दिसला एकदाच, पाण्यातल्या दगडावर उतरला, शेपटी पंख्यासारखी उघडली-मिटली आणि गेला. आई म्हणाल्या हा आवाज त्यांनी गडहिंग्लजला कधी ऐकला नाही, "नदी तीच पण हितल्या वस्तू तिनं खाली आणल्या न्हाईत." खरंय.

दुपारी चौकुळच्या बाजूच्या सड्यावर. जंगलातून एकदम उघड्यावर आलं की डोळे दिपतात, जांभ्याचा सपाट कातळ, माती म्हणाल तर बोटभर, आणि त्यावर फुलंच फुलं. पांढरे गेंद, पिवळा कावला, गुलाबी तेरडा आणि निळी-जांभळी सीतेची आसवं. आत्या गुडघ्यावर बसली ती अर्धा तास उठलीच नाही. सीतेची आसवं दिसायला इतकी नाजूक पण ती शिकारी आहे, ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. शेजारीच दवबिंदू, पानाच्या केसांवर चिकट थेंब, त्यावर चिलट बसलं की अडकलं. कातळावरच्या मातीत खायला काही नाही, पावसाने सगळं धुवून नेलेलं, म्हणून या वनस्पतींनी किडे खायला सुरुवात केली. लेकीने भिंगातून दवबिंदूच्या पानावर अडकलेलं चिलट बघितलं, पाय अजून हलत होते. ती म्हणाली सोडवू का? आत्या म्हणाली नको, तिचं जेवण आहे ते.

संध्याकाळी कावळेसाद. गेळे गावाच्या हद्दीत हा कडा आहे, समोर खोल दरी आणि त्यात सरळ कोकण. इथलं पाणी कड्यावरून खाली पडायला निघतं आणि दरीतून वर येणारा वारा ते उचलून परत माथ्यावर फेकतो. पावसाळी वारा समुद्राकडून येतो, कड्याला आपटतो, त्याला वरच जायला जागा असते, आणि धार बारीक असली की ती वाऱ्याबरोबर उलटी येते. आम्ही रेलिंगच्या आत उभे राहून खालून वर पाऊस अंगावर घेतला. रेलिंग ओलांडून फोटो काढणारी दोन पोरं होती, मामांनी त्यांना चांगलंच झापलं आणि ती मुकाट आत आली.

इथे उभं राहून लेकीला मोबाईलवर नकाशा दाखवला. आपण उभे आहोत ही डोंगराची धार आहे. इकडे पडलेला थेंब कोकणात उतरून काही तासांत अरबी समुद्राला जाऊन मिळणार. आणि सकाळी बघितलेली हिरण्यकेशी, ती इथून एवढ्याशा अंतरावर जन्मते पण तोंड फिरवून पूर्वेला जाते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, मग घटप्रभेला मिळून गोकाकचा धबधबा, पुढे कृष्णा, आणि अख्खा देश ओलांडून बंगालचा उपसागर. जवळचा समुद्र सोडून एवढ्या लांबच्या समुद्राला. आईंनी नकाशावर बोट ठेवून गडहिंग्लज शोधलं आणि तिथून मागे बोट फिरवत आंबोलीपर्यंत आणलं, दोनदा.

रात्री कुणी जेवताना बोललं नाही, कुळथाची पिठी आणि भात खाऊन नऊला सगळे झोपले.

शनिवार

सकाळी आठलाच निघालो आणि बरं झालं, घाटाकडे जाणाऱ्या गाड्या तेव्हापासूनच सुरू झाल्या होत्या. आजऱ्याच्या रस्त्यावर नांगरतासचा धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे. बाहेरून काहीच कळत नाही, सपाट माळ दिसतो. पुढे गेलं की जमीन चिरल्यासारखी अरुंद घळ आणि त्यात पाणी कोसळतंय, दोन्ही कडा एकमेकींच्या इतक्या जवळ की आवाज आतच घुमतो आणि छातीत जाणवतो. वरूनच बघायचं, खाली उतरायची जागा नाही. धाकट्याला उचलून दाखवायला लागलं. पंधरा मिनिटं थांबलो, यापेक्षा जास्त वेळ तिथे लागत नाही.

रामतीर्थ मात्र निवांत जागा आहे. आजऱ्यापासून जवळच, हिरण्यकेशीच्याच पात्रात. वनवासात राम इथे राहिले होते अशी लोकांची श्रद्धा, काठावर जुनी देवळं आणि गच्च झाडी. इथे नदी पूर्ण रुंदीने काळ्या खडकावरून पसरून उतरते, एक धार नाही, अनेक धारा, मधेमधे खडकाची बेटं. उंच नाही पण रुंद. काल सकाळी उडी मारून ओलांडता येत होती ती हीच. पाणी जोरात असल्याने पात्रात कुणीच उतरलो नाही, देवळाच्या ओट्यावर बसून बघत राहिलो. आईंनी तिथल्या पुजारीकाकांना सांगितलं, "उगमावर जाऊन आलो आम्ही." त्यांनी विचारलं पाणी कसं आहे वर? आई म्हणाल्या "काचेगत." मग दोघं बराच वेळ आपापल्या लहानपणीच्या नदीबद्दल बोलत बसले, पूर कुठल्या पायरीपर्यंत यायचा, मासे कुठे मिळायचे, आता वाळू कुठे राहिली नाही.

आजऱ्यात थांबून घनसाळ तांदूळ घेतला. आखूड दाण्याचा, शिजताना सगळ्या घरभर वास येतो, २०१६ मध्ये त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. काजूपण घेतले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ग्रिप असलेले जुने बूट घाला, सँडल नको. जंगलात शिरायचं असेल तर गावातला माहितगार माणूस घ्याच, पैसे गावात राहतात आणि आपली पोरं सुखरूप राहतात. मीठ, तंबाखू, सुका टॉवेल, पोरांना कपड्यांचे दोन जास्तीचे जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून. मोबाईलला रेंज कुठे येते कुठे नाही, त्यामुळे परत यायची वेळ घरमालकांना सांगून जा. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर मंदिरापर्यंतची वाट सोपी आहे, पुढे न्यायचं की नाही ते पाऊस बघून ठरवा. आणि घनसाळ घेताना दुकानदाराला नवा की जुना ते विचारा, मोकळा भात आवडत असेल तर जुनाच घ्या.